पकड, झीज आणि उसाचा रस्ता

दिवाळीच्या मागेपुढे बारामतीच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेची चाकं एकमेकांशेजारून धावू लागतात. पहिली चाकं बारामतीच्याच औद्योगिक वसाहतीत गाडीला बसवली जातात. पियाजिओच्या इथल्या कारखान्यात गेली पंचवीस वर्षं 'आपे' तीनचाकी तयार होतात, २०१२ पासून व्हेस्पा तयार होते, आणि २०२३ साली जगापुढं आलेली अप्रिलिया आरएस ४५७ ही अस्सल स्पोर्ट्‌स मोटरसायकलही इथंच बनते. इटलीतल्या नोआले गावच्या कंपनीनं आखलेली ही गाडी बारामतीत जोडली जाते आणि इथून परदेशात जाते. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, सत्तेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास ताकद, वजन १७५ किलो. मागचं टायर १५० मिलिमीटर रुंद.

दुसरी चाकं उसाची. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो: बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत धुराडी पेटली की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक, ट्रॅक्टरगाड्या आणि टायरच्या बैलगाड्या रस्त्यावर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत हटत नाहीत. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी या सगळ्या पट्ट्यात ही वाहतूक अखंड असते.

स्पोर्ट्‌स गाडीच्या टायरबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा मला याच रस्त्यावरून लिहावंसं वाटलं. रबराला गाडीची किंमत कळत नाही. वीस लाखांची असो की भाड्याची, रस्ता धरून ठेवायचा तर रबराला स्वतःचा थोडा अंश रस्त्यावर सोडावाच लागतो. पकड हवी तर झीज सोसावी लागते, झीज वाचवली तर पकड सुटते. स्पोर्ट्‌स गाडीचा मालक हा सौदा उघड्या डोळ्यांनी करतो. पैसे तो मोजतो, पकडही त्यालाच मिळते. उसाच्या ट्रॉलीत मात्र झीज वाचवणारा एक असतो आणि सुटलेल्या पकडीची किंमत मोजणारा दुसराच कुणीतरी, बहुतेक वेळा रात्री दुचाकीवरून घरी निघालेला. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आधी रबराचं काम समजून घेऊ. डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्यात खडीचे उंचवटे असतात आणि प्रत्येक खडीच्या पाठीवर त्याहून बारीक खरखरीतपणा असतो. टायरचं रबर त्या उंचवट्यांवर दाबलं जातं, त्यांचा आकार घेतं, पुढं सरकतं आणि पुन्हा मूळ आकाराला येऊ पाहतं. आकार बदलताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. हा तोटा हीच पकडीची एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे रबराचे लांबलचक रेणू आणि खडीचा पृष्ठभाग यांच्यातलं अगदी जवळचं, रेणूंच्या पातळीवरचं आकर्षण. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर दोन्ही कामं करतात. पाणी किंवा चिखलाचा पातळ थर मध्ये आला की आकर्षण जवळजवळ संपतं आणि सगळी भिस्त पहिल्या बाजूवर राहते.

कागदावरचं लिहिलेलं पुसताना खोडरबर जसा भुगा सोडतो तसाच भुगा टायरही सोडतो, फक्त फार सावकाश. साध्या मोटारीच्या नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानं संपलं. म्हणजे आपण वापरासाठी विकत घेतो ते ६.४ मिलिमीटर रबर. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर धरला आणि टायर चाळीस हजार किलोमीटर चाललं, तर दोन कोटी फेरे झाले. एका फेऱ्यात गेलेलं रबर मिलिमीटरच्या तीस लाखाव्या हिश्श्याएवढं. इतक्या बारीक थरावर गाडीतल्या सगळ्या माणसांचा जीव तोललेला असतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

ही झीज सगळ्या रस्त्यांवर सारखी होत नाही. चाक नुसतं गडगडत असेल तर रबर घासत नाहीच म्हणायला हरकत नाही. ते घासतं ते ब्रेक लावताना, जोर देताना आणि वळताना. वळणावर चाक ज्या दिशेला तोंड करून असतं आणि गाडी ज्या दिशेला जात असते, त्यात थोडा कोन असतो. त्या कोनामुळंच बाजूचा जोर मिळतो. कोन दुप्पट झाला की जोरही साधारण दुप्पट आणि घसटण्याचं अंतरही दुप्पट. म्हणून झीज चौपट. एकाच कंपनीचं, एकाच दिवशी घेतलेलं टायर घाटात राहणाऱ्याचं लवकर संपतं आणि सोलापूर रस्त्यावर सरळ धावणाऱ्याचं टिकतं, ते यामुळं.

स्पोर्ट्‌स मोटारीत हे सगळं टोकाला नेलेलं असतं. तिचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे ते खडीचा आकार पटकन घेतं. सध्याच्या पोर्शे ९११ कॅरेराचं उदाहरण घ्या. पुढचं टायर २३५ मिलिमीटर रुंद आणि मागचं २९५, कारण इंजिन मागं आहे आणि जोरही मागच्याच चाकांतून जमिनीत उतरतो. अशा गाडीची मागची टायर पुढच्यांच्या आधी संपतात. शिवाय वळणावर पूर्ण रुंदी जमिनीला टेकावी म्हणून चाकं वरच्या बाजूनं किंचित आत झुकवलेली असतात. सरळ रस्त्यावर त्याची किंमत टायरची आतली कड मोजते. बाहेरून नक्षी भरपूर दिसते आणि आतून तारा दिसायला लागलेल्या असतात. टायरच्या दुकानात 'आतून खातंय' म्हणतात ते हेच. साध्या मोटारीतही अलाइनमेंट बिघडली की असंच होतं, म्हणून हात घालून आतली कड चाचपण्याची सवय प्रत्येकानं लावून घ्यावी.

मऊ रबराला उष्णताही नेमकी लागते. थंड असताना ते कडक राहतं आणि पकडत नाही. फार तापलं की त्याचं वरचं अस्तर सुटून गोळे होऊ लागतात. शर्यतीच्या गाड्या सुरुवातीच्या फेरीत उजवी-डावीकडे हेलकावे घेताना दिसतात, त्या टायर तापवत असतात. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते आणि कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचं रबर वापरणं बंधनकारक असतं, म्हणून निदान एकदा तरी थांबून टायर बदलावेच लागतात. म्हणजे एवढ्या महागड्या टायरचं आयुष्य पुण्याहून इंदापूरला एकदा पोचण्याइतपत. तिथं हे कुणी उधळपट्टी मानत नाही. पकड विकत घ्यायची तर तिचा दर हाच, हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

रस्त्यावरच्या मोटारींसाठी हा दर टायरच्या अंगावरच छापलेला असतो. अमेरिकेतल्या नियमानुसार टायरवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढं आकडा असतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावाभोवती ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल गाडी चालवून, प्रमाण टायरच्या तुलनेत ही झीज मोजतात. प्रमाण टायरचा आकडा १००. घरगुती मोटारीच्या टायरवर तीनशे-चारशे-पाचशे दिसतात, ट्रॅकवर पळवायच्या टायरवर दोनशे किंवा त्याखाली. आकडा शेवटी कंपनीच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून काटेकोर होत नाही. पण एकाच कंपनीच्या दोन टायरांत कोणतं टिकणारं आणि कोणतं धरणारं, एवढं कळतं. आपल्याकडच्या पुष्कळ टायरांवरही हा आकडा असतो. दुकानात तो कुणी विचारत नाही, विचारतात तो 'किती किलोमीटर चालेल?' एवढाच प्रश्न.

बारामतीत बनणाऱ्या अप्रिलियाकडे येऊ. मोटारीच्या चार चाकांऐवजी इथं दोन. चालवणाऱ्यासह गाडीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास धरलं आणि टायरमधली हवा लक्षात घेतली, तर एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानानं पन्नास-पंचावन्न चौरस सेंटिमीटर भरतो. दोन्ही मिळून शंभर-एकशे दहा. वळणावर गाडी झुकते तेव्हा झुकण्याचा कोन आणि लागणारी पकड यांचं सरळ नातं असतं: ४५ अंश झुकायचं तर गाडीच्या वजनाएवढाच बाजूचा जोर रबरानं दिला पाहिजे. म्हणून मोटरसायकलचं टायर आडव्या छेदात गोल असतं. झुकलं तरी रबर जमिनीवर राहावं. आणि म्हणूनच ही गाडी घेऊन जो फक्त बारामती-भिगवण किंवा इंदापूर-सोलापूर असा सरळ रस्ता तुडवतो, त्याच्या टायरची मधली पट्टी घासून सपाट होते आणि कडा नव्यासारख्या राहतात. पुढं एखाद्या घाटात गाडी झुकवताना ती सपाट पट्टीच्या कडेवरून अचानक पडल्यासारखी कलते. टायर अजून 'चांगलं' दिसत असतं.

आरएस ४५७ मध्ये एबीएस आहे आणि ट्रॅक्शन कंट्रोलही. दोन्ही यंत्रणांचं काम चाकाचा वेग क्षणोक्षणी मोजून रबराची घसट एका मर्यादेत ठेवणं. कोरड्या रस्त्यावर दहा-पंधरा टक्के घसटीला पकड सर्वांत जास्त मिळते. चाक पूर्ण अडकलं की ती घटते आणि दुचाकी पडते. इतक्या बारकाव्यानं पकडीची काळजी घेणारं यंत्र बारामतीत तयार होतं, याचा मला अभिमान वाटतो. त्याच गावच्या रस्त्यावर बाकीची चाकं कोणत्या अवस्थेत धावतात हे पाहिल्यावर अभिमानासोबत संतापही येतो.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमाप्रमाणं दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा आणि इतर वाहनांची १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ही पातळी दाखवायला खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात आणि टायरच्या बाजूवर त्यांच्या जागी खूण. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर बदलायचं. २०२२ मध्ये केंद्रानं आणखी एक पाऊल टाकलं: मोटारी, बस आणि ट्रकच्या नव्या टायरना ओल्या रस्त्यावरची पकड, गडगडण्यातला अडथळा आणि आवाज यांच्या कसोट्या लावल्या. हे सगळं नव्या टायरसाठी. रस्त्यावर चार हंगाम धावलेल्या टायरची कसोटी शेवटी त्याला पाहणाऱ्या माणसाच्या हातात आहे.

खाचेचं महत्त्व पाण्यात कळतं. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर उलट जास्त धरतं. शर्यतीच्या गाड्यांची कोरडी टायर बिनखाचेचीच असतात. पण पाणी साचलं की ते कुठंतरी जायला हवं. खाचेतून वाट मिळाली नाही तर ते टायरखाली पाचरीसारखं शिरतं आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं. अमेरिकेच्या नासानं विमानांच्या धावपट्टीसाठी १९६० च्या दशकात काढलेलं एक सूत्र आहे, ते टायरमधल्या हवेच्या दाबावरून हा वेग सांगतं. मोटारीत ३२ पौंड हवा असेल तर पुरेशा पाण्यात हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २२ पौंडांवर घसरली तर ७८. हवा कमी म्हणजे पकड जास्त, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे आणि शेतातल्या चिखलात तो खराही आहे. परतीच्या पावसात सोलापूर महामार्गावर तोच समज घात करतो.

आता ऊस.

ऊसतोड कामगारांच्या बोलण्यात 'टायर सेंटर' असा शब्द येतो. कारखान्यानं दिलेली टायरची गाडी आणि कामगारानं आणलेली बैलजोडी, असा तो मामला. बैलगाडीला हवेचं टायर हे आपल्याकडच्या टायर उद्योगानं या देशासाठी केलेलं एक मोठं काम आहे. जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठीचं टायर हा त्यांच्या यादीत वेगळा प्रकारच असतो. लाकडी, लोखंडी धावेच्या चाकापेक्षा हवेचं चाक मऊ रस्त्यात कमी रुततं, बैलांना कमी ओढावं लागतं. पण ओढ कमी झाली म्हणून भार वाढला. जिथं लाकडी गाडी टनभर माल न्यायची, तिथं टायरगाडीवर त्याच्या दुपटीनं-तिपटीनं ऊस चढतो. ओढताना आणि थांबवताना जमिनीला धरायचं काम मात्र बैलांच्या खुरांकडेच राहिलं. खुरांना पत्री मारलेली असते, म्हणजे लोखंड. लोखंडाला डांबरावर आणि त्याहून जास्त सिमेंटच्या रस्त्यावर पकड फार थोडी. उतारावर पुष्कळ गाड्यांना कामाचा ब्रेक नसतो. सगळा ऊस बैलांच्या मानेवर येतो आणि बैल पाय रोवायला धडपडतात. कारखान्याच्या दारातल्या उतारावर गुडघ्यांवर बसलेला बैल ज्यानं पाहिला आहे, त्याला पकड म्हणजे काय हे सूत्रानं समजावावं लागत नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं गणित त्याहून गंभीर आहे, आणि ते एकदा मांडलंच पाहिजे. समजा ट्रॅक्टर दोन टनांचा, मागच्या दोन ट्रॉल्या उसासह वीस टनांच्या. एकूण बावीस टन. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा फक्त मागच्या दोन चाकांवर चालतात. ट्रॉलीचे ब्रेक बसवलेले नसतील किंवा चालत नसतील तर सगळ्या बावीस टनांना थांबवायला ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरखालची पकड एवढंच साधन उरतं. त्या टायरवर भार दीड टनाच्या आसपास. कोरड्या डांबरावर त्यातून फार तर ९०० किलोचा जोर मिळेल. बाकी चाकांच्या गडगडण्यातला अडथळा मदतीला धरला तरी ताशी फक्त २५ किलोमीटर वेगानं चाललेली ही गाडी थांबायला चाळीस-पंचेचाळीस मीटर घेते. रस्त्यावर चिखल असेल तर सत्तरच्या आसपास. याच वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर तीन मीटरमध्ये थांबते. त्याआधी चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर दोघांनाही सारखंच.

ट्रॅक्टरच्या टायरची मोठी बटणं पाहून लोकांना वाटतं की त्याची पकड भक्कम असणार. ती बटणं मातीत शिरून माती धरण्यासाठी असतात. कडक रस्त्यावर माती नाही, तेव्हा फक्त बटणांच्या माथ्यांचा भाग टेकतो आणि तोच झिजतो. शेतातलं टायर रस्त्यावर हंगामभर पळवलं की ते शेतासाठीही निकामी होतं. मग त्याला उसाच्या वाहतुकीलाच ठेवायचं, अशी वाट लागते.

ट्रॉलीला पुष्कळदा जुन्या ट्रकची टायर असतात. ट्रकवरून उतरलेली, एकदा-दोनदा रबर चढवलेली. टायरच्या बाजूवर त्याची भार पेलायची ताकद आकड्यात असते; भारांक १४० असेल तर एका टायरला २,५०० किलो. तो भार हवेचा दाब पुरेसा असेल तर, आणि टायर धड असेल तर. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या कठड्याच्या वर किती चढवल्या यावर कुणाचं लक्ष नसतं. खेप मोठी तेवढे पैसे जास्त, कारण वाहतुकीचा दर टनावर असतो. यात एक गोष्ट आणखी आहे, ती सहसा बोलली जात नाही. रबराची पकड भारासोबत वाढते खरी, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी मिळते. म्हणजे प्रत्येक जादा मोळीसोबत प्रत्येक टनाच्या वाट्याची पकड घटत जाते.

आणि ही टायर चालून संपण्याआधी उभी राहून संपतात. हंगाम सरला की ट्रॉल्या शेताच्या कडेला, गोठ्यामागं, मोकळ्या माळावर उभ्या राहतात. इंदापूर तालुक्यातलं एप्रिल-मेचं ऊन त्यांच्या एकाच बाजूवर महिनोन्‌महिने पडतं. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. टायर झिजून गेलं की नाही एवढंच पाहणाऱ्याला या चिरा दिसत नाहीत. कडक झालेलं रबर खडीचा आकार घेत नाही, मग खाच चांगली खोल असूनही ओल्या रस्त्यावर ते सरकतं. टायर किती जुनं हे त्याच्या बाजूवरच चार आकड्यांत असतं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा.

रबर चढवणं वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. विमानांची टायर कितीतरी वेळा नव्यानं रबर चढवून वापरतात. आपली एसटी आपल्याच पुनःस्तरण संयंत्रांतून टायर पुन्हा वापरायला काढते आणि लाखो प्रवाशांना सुखरूप नेते. तिथं आधी आतला सांगाडा तपासला जातो आणि न टिकणारं टायर बाजूला काढलं जातं. घात करतो तो दुसरा उद्योग: गोटा झालेल्या टायरमध्ये तापलेल्या सुरीनं नव्या खाचा कोरून देणं. त्यासाठी बनवलेली, तळाला जादा रबर ठेवलेली काही ट्रक-टायर असतात, त्यांचं ठीक. बाकीच्या टायरमध्ये ती सुरी आतल्या धाग्यांपर्यंत पोचते. टायर नव्यासारखं दिसतं आणि दुपारच्या उन्हात, भर वेगात फुटतं.

पुढची गोष्ट रस्त्याची. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे तोंडले-बोंडल्यापर्यंत जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे. पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं भूमिपूजन केलं. आषाढात याच वाटेवर काटेवाडीत मेंढ्यांचं आणि बेलवाडीत घोड्याचं रिंगण होतं. गाळपाच्या हंगामात हाच रस्ता उसाचा. रुंद, चांगल्या रस्त्यानं मोटारी-दुचाकींचा वेग वाढवला, ट्रॉलीचा वेग आहे तोच राहिला. दोघांच्या वेगातली ही दरी हीच सर्वांत धोक्याची.

त्यात चिखल. उसाच्या शेताला पाणी सोडलेलं असतं, परतीच्या पावसानं काळी माती भिजलेली असते, आणि ट्रॉली शेतातून बाहेर पडताना बटणांत भरलेली माती पहिल्या दोनशे-चारशे मीटर रस्त्यावर झटकत जाते. वर पाचट आणि उसाच्या कांड्या. पहाटेच्या दवानं तो थर ओला होतो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा ०.८ धरला तर ताशी ८० किलोमीटरनं चाललेली मोटार ब्रेक लागल्यावर सुमारे ३१ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर ६३. ओल्या काळ्या मातीच्या थरावर ०.२ धरला तर १२६. तेच पुन्हा असं मांडता येईल: चिखलावर ताशी ४० नं चाललेल्या गाडीला कोरड्या रस्त्यावर ८० नं चाललेल्या गाडीइतकंच अंतर लागतं. जगातलं सर्वांत महागडं स्पोर्ट्‌स टायर लावलं तरी या थरावर ते साध्या टायरपेक्षा फारसं पुढं जाणार नाही, कारण रबराला खडी सापडतच नाही. अप्रिलियावरचा तरुण आणि लूनावरचा आजोबा इथं सारखेच उघडे.

समृद्धी महामार्गानं राज्याला टायरचा धडा दिला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, अपघात झाले, त्यांत टायर फुटण्याची चर्चा झाली आणि परिवहन विभागानं प्रवेशाच्या जागी टायर तपासायला सुरुवात केली. गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. हे करता येतं, म्हणजे इच्छा असली की जमतं, हे तिथं दिसलं. उसाच्या वाहतुकीत आजवर आपला सगळा भर मागून दिसण्यावर राहिला. दर हंगामात आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, कापडी पट्ट्या बांधतात. ते चांगलंच काम आहे आणि त्यानं जीव वाचतात. पण रिफ्लेक्टर मागच्याला थांबायला सांगतो. ट्रॉलीला थांबवत नाही.

झिजलेलं रबर कुठं जातं, हाही प्रश्न आहे. रस्त्याच्या कडेच्या मातीत, पहिल्या पावसात ओढ्यात, तिथून नीरेत आणि पुढं भीमेत. अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे पावसानंतर का मरतात याचं कोडं २०२० मध्ये सुटलं: रबर टिकावं म्हणून टायरमध्ये घालतात त्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार झालेलं विष. युरोपनं २०२४ च्या नव्या नियमांत टायरच्या झिजेवर मर्यादा घालायचं ठरवलं आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात, त्या पाण्याच्या काठानं सोलापूर महामार्ग जातो. त्या पाण्याची या दृष्टीनं तपासणी व्हायला हवी, आणि ती इथल्याच महाविद्यालयांना करता येण्याजोगी आहे.

आता ज्याच्या हाती हे बदलायचं बळ आहे, त्याच्याकडे येऊ. साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो. प्रत्येक गाडी भरलेली तोलली जाते आणि ऊस उतरल्यावर रिकामी तोलली जाते. म्हणजे या दोन तालुक्यांत धावणाऱ्या उसाच्या प्रत्येक ट्रॉलीचं भरलेलं वजन, गाडीनंबरासह, तारीख-वेळेसह कारखान्याच्या संगणकात आहे. भरलेल्या वजनाला टायरांच्या संख्येनं भागलं की एका टायरवर किती किलो आले हे कळतं. टायरच्या बाजूवरचा भारांक एकदा हंगामाआधी नोंदवून ठेवला तर मर्यादा ओलांडलेली प्रत्येक खेप आपोआप वेगळी निघेल. यासाठी नवं यंत्र घ्यायला नको, नवा माणूस नेमायला नको.

खाच मोजायचं साधं मोजमाप कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतं. गव्हाणीसमोर गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. तेवढ्या वेळात एक माणूस शंभर टायर पाहू शकतो. चिरा पडलेलं, तारा दिसणारं, खाचा कोरलेलं टायर लगेच कळतं. ट्रॉलीला चालता ब्रेक आहे का, हे रिकाम्या ट्रॉलीवर तिथंच तपासता येतं. शेताच्या बांधावर टायर झटकायला दोन माणसं आणि एक खोरं पुरतं.

पैसा कुणी घालायचा, हा खरा अडथळा आहे. ट्रॅक्टरमालक कर्जाच्या हप्त्यात असतो, ऊसतोड टोळीला दिलेल्या उचलीत त्याचे पैसे अडकलेले असतात, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याच्या हातात नव्या टायरांइतकी रक्कम नसते. त्याला दोष देऊन काही होणार नाही. कारखाना त्याला तोडणी-वाहतुकीसाठी आगाऊ रक्कम देतोच. त्यातला टायर आणि ब्रेकचा भाग वेगळा काढून थेट दुकानाच्या नावे द्यावा आणि वाहतूक बिलातून हप्त्यानं वळता करावा. जो टायर धड ठेवेल त्याला टनामागं थोडा जादा दर द्यावा. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगर, या कारखान्यांच्या वार्षिक सभांत साखरेच्या उताऱ्यावर आणि दरावर तासन्‌तास बोलणारे सभासद आहेत. ट्रॉलीचं टायर हा विषय त्यांनीच पटलावर घ्यावा, कारण त्या रस्त्यावरून शाळेला जाणारी मुलं त्यांचीच आहेत. वाहतुकीचे करार पावसाळ्याच्या आधी होतात. त्या कागदावर गाडीनंबराच्या रकान्याशेजारी टायरचं वर्ष, भारांक आणि खाचेची खोली हे तीन रकाने पुढच्या हंगामासाठी सहज घालता येतील.